सोमवारची छाती आणि प्रमाणक शल्यचिकित्सक : व्यवसायजन्य रोगनिदानाची पार्श्वभूमी

कामगाराला तपासणाऱ्या डॉक्टरची गरज मुंबईच्या गिरण्यांत प्रथम भासली ती आजारासाठी नव्हे, तर वयाच्या दाखल्यासाठी. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. जन्मनोंदीचा पत्ता नसलेल्या त्या काळात मुलाचे दात आणि बांधा पाहून वयाचा अंदाज बांधला जाई. ‘प्रमाणक शल्यचिकित्सक’ (सर्टिफाइंग सर्जन) या पदाची मुळे अशा दाखल्यांच्या कामात आहेत. नावात शल्यचिकित्सा असली, तरी या पदावरच्या माणसाला कामाचा भाग म्हणून शस्त्र कधी हाती घ्यावे लागत नसे.

१९४८ च्या कारखाने कायद्याने या पदाचा आवाका वाढवला. दहाव्या कलमाने धोकादायक कामांवरील कामगारांची तपासणी आणि कामामुळे आजार झाल्याचा संशय असेल तिथे वैद्यकीय देखरेख ही कामे त्याच्याकडे दिली. ज्याचा कारखान्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, किंवा जो कारखान्याच्या नोकरीत आहे, त्याला या पदावर नेमू नये, ही अट त्याच कलमात होती. राज्य सरकारला सूट देण्याची मुभा होती, तरी तत्त्व स्पष्ट होते : निदान करणाऱ्याचा पगार मालकाच्या गल्ल्यातून येऊ नये.

गिरणगावात निदानाची खरी कसोटी लागली ती कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाच्या बाबतीत. कापूस मोकळा करण्याच्या ब्लोरूम आणि तो विंचरण्याच्या कार्डिंग खात्यांत धूळ सर्वाधिक असे. या रोगाची सुरुवातीची खूण छातीत नसून आठवड्यात असते. सुटीनंतर सोमवारी पाळीवर गेले की काही तासांत छाती आवळल्यासारखी होते, मंगळवारी त्रास ओसरतो, आणि गुरुवारी दवाखान्यात आलेला माणूस फक्त ‘खोकला आहे’ एवढेच सांगतो. हे लक्षण उमटायला साप्ताहिक सुटी लागते, आणि गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० साली. पुढे रोग मुरला की सोमवार आणि गुरुवार यांतला फरक पुसला जातो. क्ष-किरण चित्रात त्याची स्वतःची अशी काही खूण नसते, त्यामुळे जुनाट बिसिनोसिस आणि विडीने झालेला जुनाट श्वासनलिकादाह वेगळे ओळखणे जवळपास अशक्य होते. म्हणून सोमवारी पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर-चाचणी घेऊन श्वासाची घट मोजणे, हीच खात्रीची वाट होती. त्यासाठी डॉक्टरला खात्यात जाऊन उभे राहावे लागते. चाळीतल्या डॉक्टरपुढे दमा आणि क्षय ही दोन उत्तरे आधीच तयार असत, आणि ‘कोणत्या खात्यात काम करता?’ हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच उतरे.

कायद्याची अपेक्षा मात्र पुष्कळ सौम्य होती, आणि या विषयातला सर्वात मोठा गोंधळ इथेच आहे. १९४८ च्या कायद्याच्या कलम ८९ नुसार, कारखान्यात काम करणारा किंवा पूर्वी केलेला रुग्ण तिसऱ्या परिशिष्टात यादी दिलेल्या रोगाने आजारी आहे असे डॉक्टरला वाटले, तरी त्याने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचे होते. कायदा ‘वाटणे’ पुरेसे मानत असे. डॉक्टर ‘सिद्ध होणे’ गृहीत धरून थांबत. कळवल्यानंतर पडताळणी करणे हे सरकारी यंत्रणेचे काम होते, आणि ती झाली तर डॉक्टरला शुल्क देऊन ते कारखान्याकडून वसूल करण्याचीही तरतूद होती. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा वेगळा होता. त्यात रोगांचे तीन भाग होते आणि काही रोगांना सलग सेवेची अट होती. बदली कामगार म्हणून वर्षे काढलेल्या माणसाला ‘सलग’ हा शब्दच जड जाई. निदान कळवणे आणि भरपाई ठरवणे या दोन कामांची सरमिसळ झाल्याने, कळवणे म्हणजे कोर्टाची पायरी चढणे, असा समज डॉक्टरांत रुजला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि तो सोमवारही गेला. धूळ थांबली, ही जमेची बाजू. पण ज्या तपासणीने रोग ओळखता येत होता ती करण्याची जागाही त्यासोबत संपली.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायदा दुरुस्त झाला. घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर किमान वर्षाला एकदा तपासणी बंधनकारक झाली आणि कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी हे पद महत्त्वाचे झाले. एमबीबीएस आणि त्यावर औद्योगिक आरोग्याचे किमान तीन महिन्यांचे प्रशिक्षण, ही त्याची पात्रता ठरली. डॉक्टर ज्याला ‘एएफआयएच’ (असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ) म्हणतात तो अभ्यासक्रम मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चालतो. तीन महिन्यांत विषशास्त्र, धूळमापन, श्रवणचाचणी आणि कायदा हे सारे बसवणे ओढाताणीचेच. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते, खरा पेच कालावधीचा नाही. ज्या माणसाने मालकाला नको असलेले निदान लिहायचे, तो मालकाच्या पगारावर आहे, आणि १९४८ ने ज्या गोष्टीपासून दाखला दूर ठेवला होता तिच्याजवळ १९८७ ने रोजची तपासणी नेऊन ठेवली.

अॅस्बेस्टॉसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आरोग्यनोंदी कामाच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. कारण तो रोग दशकांनी उमटतो. कारखाने कायद्याच्या जागी २०२५ साली लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत ‘प्रमाणक शल्यचिकित्सक’ हा शब्द गळला आणि त्या जागी ‘वैद्यकीय अधिकारी’ आला. कारखान्याच्या पगारी डॉक्टरचेही पदनाम आजवर तेच होते.