आईच्या पोटातच बंद झालेलं आतडं

नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की आतड्यात अडथळा आहे असं धरूनच तपासण्या सुरू होतात. त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे लहान आतड्याचा अॅट्रेशिया. यात आतडं मधेच तुटल्यासारखं असतं आणि दोन्ही टोकं मिटलेली असतात. नेदरलँड्सच्या फॉकेन्स यांनी १९११ मध्ये अशी टोकं जोडून एक बाळ वाचवलं खरं, पण पुढची कित्येक वर्षं बहुतेक बाळं दगावतच राहिली.

हे होतं कसं? व्हिएन्नाच्या टांडलर यांनी १९०० मध्ये मांडलं होतं की गर्भात आतडं काही काळ भरीव असतं आणि ते पुन्हा पोकळ व्हायचं राहून जातं. (जठराला लागून असलेल्या ड्युओडेनमपुरतं हे आजही मानतात.) मग १९३३ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी एक तपासणी सुचवली. गर्भ गर्भजल गिळतो, त्याबरोबर त्वचेच्या पेशी पोटात जातात. बाळाच्या पहिल्या काळपट शीमध्ये त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या नाहीत, तर आतडं बंद! पण आतडं बंद असलेल्या काही बाळांच्या शीतही या पेशी, लव, पित्त सापडू लागलं. तपासणी फसली, पण माझ्या मते खरा पुरावा तोच होता: आतडं आधी उघडं होतं, मिटलं नंतर.

केपटाऊनचे सर्जन यान लाऊ यांना संशय होता रक्तपुरवठ्याचा. त्यांचा तरुण सहकारी ख्रिस्तियान बर्नार्ड (होय, १९६७ चं हृदयारोपण करणारा तोच) गाभण कुत्रीचं गर्भाशय उघडून पिल्लाच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधायचा आणि सगळं पुन्हा शिवून टाकायचा. अनेक प्रयत्न वाया गेले. शेवटी जन्मलेल्या पिल्लांत हुबेहूब अॅट्रेशिया दिसला. निष्कर्ष १९५५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

याचा फायदा थेट ऑपरेशन टेबलावर झाला. वरच्या बाजूचं फुगलेलं टोक रक्ताअभावी दुबळं असतं. तेच जोडलं तर टाके धरले तरी अन्न पुढे सरकत नाही. म्हणून लाऊंनी ते कापून काढून मगच जोडायला सुरुवात केली आणि बाळं वाचू लागली. आजही जोडण्याआधी खालच्या आतड्यात सलाइन सोडून पाहतात, कारण पुढे आणखी एखादी जागा बंद असू शकते.