मीठ सगळ्यांनाच सारखं का बाधत नाही?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ब्रूकहेवन नावाची प्रयोगशाळा आहे. मूळची अणुसंशोधनाची. तिथे ल्यूईस डाल हे डॉक्टर मीठ आणि रक्तदाब यांचा पाठपुरावा करत होते. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो, असं त्यांचं ठाम मत होतं. पण उंदरांना खारट खाद्य घातलं, तर एकाच जातीचे उंदीर वेगवेगळे वागत. काहींचा रक्तदाब भराभर चढे, काहींना ढिम्म फरक पडत नसे.

दुसरा कोणी असता तर सरासरी काढून मोकळा झाला असता. डाल यांनी ज्यांचा रक्तदाब चढला त्यांची आपसांत वीण केली, ज्यांचा चढला नाही त्यांची आपसांत. खाद्यात मीठ होतं ८ टक्के, म्हणजे प्रमाणाबाहेर. अवघ्या तीन पिढ्यांत दोन घराणी स्पष्ट वेगळी झाली: एक मिठाला बळी पडणारं, दुसरं मीठ पचवणारं. १९६२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. खाणं तेच, पिंजरे तेच. मग फरक वंशातूनच आला असणार.

मिठाला बळी पडणाऱ्या याच उंदरांना, म्हणजे मीठभोळ्यांना, डाल यांनी पुढे बाजारात मिळणारं तान्ह्या मुलांचं तयार अन्न खायला घातलं. त्यांचा रक्तदाब चढला, काही मेलेही. १९७० च्या त्या निष्कर्षांनी अमेरिकेत बरीच खळबळ उडाली, आणि त्या दशकात कंपन्यांनी बाळांच्या अन्नातलं वरचं मीठ काढून टाकलं.

पण दोष शरीरात नेमका कुठे? या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत देखणा वाटणारा प्रयोग इथे येतो. १९७४ मध्ये डाल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही घराण्यांत मूत्रपिंडांची अदलाबदल केली. मीठ पचवणाऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की बळी पडणाऱ्याचा रक्तदाब उतरे. उलट केलं की निरोगी उंदराचा चढे. म्हणजे रक्तदाब मूत्रपिंडाच्या मागोमाग जात होता. खाल्लेलं जादा मीठ लघवीतून बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. बळी पडणाऱ्या उंदरांची मूत्रपिंडं ते करतात, पण रक्ताचा दाब बराच वाढल्याशिवाय पुरेसं मीठ सोडतच नाहीत. शरीराला मिठाचा हिशेब जुळवावा तर लागतोच, तो चढ्या रक्तदाबाच्या किमतीवर जुळतो.

मग जनुकांचा शोध सुरू झाला. पहिला धागा संप्रेरकाचा होता. जॉन रॅप या संशोधकाला दिसलं की बळी पडणाऱ्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथी) मीठ धरून ठेवणारं एक संप्रेरक जास्त बनवतात. त्यामागचं जनुक सातव्या गुणसूत्रावर सापडलं. रॅप यांनीच ओहायोतल्या टोलेडोत या घराण्यांची शुद्ध वाणं तयार केली. आज जगभर वापरतात ती त्यांच्यापासून आलेली. मात्र त्या एका जनुकातून रक्तदाबाचा थोडाच भाग उलगडत होता.

अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरातल्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. मीठभोळ्या उंदराचं एकच गुणसूत्र, तेरावं, काढून त्या जागी ब्राउन नॉर्वे या दुसऱ्या वाणाचं बसवलं. बाकी सगळं जसंच्या तसं. हे प्रयोगशाळेत कापून जोडण्याचं काम नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या विणीचं. मिठाने चढणारा रक्तदाब बराच खाली आला. आता गुन्हेगार हाती लागणार असं वाटलं. पण त्या गुणसूत्राचे आणखी बारीक तुकडे करून पाहिले तर रक्तदाबावर परिणाम करणाऱ्या जागा एकापेक्षा जास्त निघाल्या. इतर गुणसूत्रांवरही तशाच. रक्तदाबाचा सातबारा एका जनुकाच्या नावावर नव्हताच, वाटेकरी भरपूर होते. आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी मीठभोळ्या उंदराचंच जनुक रक्तदाब कमी ठेवणारं निघालं. वाईट घराण्यातलं सगळंच वाईट नसतं तर!

२०१३ मध्ये भलतीच बाजू पुढे आली. या उंदरांतलं एक जनुक बंद पाडून त्यांच्यातल्या प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशी नाहीशा केल्या, तेव्हा मीठ खाऊनही रक्तदाब पूर्वीइतका चढला नाही आणि मूत्रपिंडाची नासाडीही घटली. मीठ आणि मूत्रपिंड यांच्या भांडणात प्रतिकारपेशी आगीत तेल ओततात, असं दिसतं.

आतड्यातल्या जिवाणूंनी तर अंदाजच चुकवला. मीठ पचवणाऱ्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू मीठभोळ्यांना दिले, तर रक्तदाब उतरेल असं कुणालाही वाटेल. २०१५ मध्ये टोलेडोत तसं केलं, आणि तो चढला.

जनुकं तीच ठेवून नुसतं खाणं बदललं तरी चित्र पालटतं. मीठभोळे उंदीर दुधातल्या केसीन या प्रथिनावर वाढवले, तर पुढे मिठाने त्यांचा रक्तदाब फार चढतो. धान्याच्या खाद्यावर वाढवले, तर बराच कमी. आणि फरक पिल्लू स्वतः खायला लागण्याआधीच सुरू होतो: आईने गरोदरपणात आणि पाजताना काय खाल्लं, यावरही पिल्लांचा पुढचा रक्तदाब आणि मूत्रपिंडाची हानी ठरते.