लिनक्स कर्नलमधील ‘न वापरलेला’ कोड : पार्श्वभूमी

छोट्या यंत्रांसाठी लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, छाटण्याचे पद्धतशीर प्रयत्न २००३ च्या सुमारास सुरू झाले, पण ती हाताने केलेली कातरणी होती: एकेक सोय कॉन्फिगच्या (कर्नल बांधण्याआधी करायच्या निवडींच्या) पर्यायामागे न्यायची आणि ज्याला नको असेल त्याने ती बंद करायची. हेच काम लिंकरवर, म्हणजे कंपायलरने तयार केलेले तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनावर सोपवायचे, तर आधी नावांचा घोळ निस्तरणे भाग होते. प्रत्येक व्हेरिएबलला स्वतंत्र सेक्शन (लिंकर ठेवतो किंवा वगळतो तो नाव असलेला तुकडा) देताना कंपायलर सेक्शनच्या नावापुढे टिंब देऊन व्हेरिएबलचे नाव जोडतो, आणि कर्नलच्या स्वतःच्या खास सेक्शनांची नावेही नेमकी याच धाटणीची होती. २०१० च्या सुमारास त्यांत एकाऐवजी दोन टिंबे आली. सी भाषेतील नावात टिंब चालत नसल्याने टक्कर कायमची टळली.

२०१६ मध्ये ४.७ आवृत्तीत कोणत्याही मॉड्यूलला (कर्नलला वेगळ्याने जोडता येणाऱ्या भागाला) न लागणारी एक्स्पोर्ट केलेली, म्हणजे मॉड्यूलांसाठी खुली ठेवलेली नावे वगळण्याची सोय आली, आणि ४.९ मध्ये प्रत्यक्ष मृत कोड काढण्याचा पर्याय. काय राखायचे हे सांगणाऱ्या खुणा अपुऱ्या असतील तर कर्नल गुपचूप बिघडू शकतो, असा इशारा त्या पर्यायाच्या वर्णनातच होता.

खरा वाद ‘न वापरलेला’ या शब्दाभोवती आहे. लिंकरच्या लेखी ज्याच्याकडे कोणताही संदर्भ पोहोचत नाही ते मृत. वापरणाऱ्याच्या लेखी जे कधी चालणारच नाही ते मृत. कर्नलमध्ये या दोहोंतले अंतर फार मोठे आहे. सुरुवातीला चालवायच्या फंक्शनांची यादी किंवा अपवादांचा तक्ता (मेमरी वाचताना चूक झाल्यास पुढे काय करायचे याची यादी) यांतील नोंदींना कोणी नावाने हाक मारत नाही. केवळ आरंभ आणि शेवट धरून त्या वाचल्या जातात. लिंकरला त्या निरुपयोगी वाटतात, म्हणून लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे लिंकरला दिलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये, ‘कीप’ लिहून त्या राखाव्या लागतात. मात्र राखलेली प्रत्येक नोंद आपण ज्या फंक्शनाकडे बोट दाखवते त्यालाही जिवंत ठेवते. वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावणाऱ्या फंक्शनाची अपवादांच्या तक्त्यात नोंद असते, त्यामुळे त्याला कोणी बोलावत नसले तरी ते टिकते. सुरक्षिततेसाठी सरसकट ‘कीप’ लावणे तेव्हा समजण्याजोगे होते, पण त्याने पर्यायाची धारच बोथट केली, असे म्हणावे लागते.

पुढे संपूर्ण कर्नल एकत्र पाहून ऑप्टिमायझेशन करणारी लिंकवेळची पद्धत २०२१ मध्ये ५.१२ आवृत्तीत क्लँग या कंपायलरसाठी दाखल झाली. तिच्यामागे आकारापेक्षा सुरक्षेची निकड अधिक होती. मृत कोड काढण्याची सोय रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेला २०२३ मध्ये मिळाली. सिस्टिम कॉलचा (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या विनंत्यांचा) तक्ता मात्र आजही प्रत्येक कॉलकडे बोट दाखवतो, म्हणून एकच प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रातही लिंकरच्या दृष्टीने ते सारे वापरात असतात.