हास्केलमधील डेटा-लायब्रऱ्या

हास्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत एकदा तयार झालेले मूल्य बदलता येत नाही, त्यामुळे माहिती साठवणाऱ्या तिच्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) सी किंवा जावामधील लायब्रऱ्यांहून वेगळ्या पायावर उभ्या आहेत. बदल हवा असल्यास नवी रचना तयार होते, मात्र जुन्या रचनेचा न बदललेला भाग दोन्हींत सामाईक राहतो. ख्रिस ओकासाकी यांनी १९९६ च्या प्रबंधात अशा रचनांचा पद्धतशीर अभ्यास मांडला.

‘कंटेनर्स’ ही या क्षेत्रातील मूलभूत लायब्ररी होय. तिच्यातील ‘मॅप’ (किल्ली देऊन मूल्य शोधण्याची रचना) हा समतोल द्विमान वृक्ष, म्हणजे दर टप्प्यावर जास्तीत जास्त दोन फांद्या फुटणारी रचना असून, दहा लाख नोंदींत एक नवी नोंद घालताना मुळापासून त्या जागेपर्यंतच्या वाटेवरील साधारण वीस-पंचवीस नोडच (वृक्षाचे सांधे) नव्याने बनतात. तिच्यातील ‘सीक्वेन्स’ ही रचना राल्फ हिंझे आणि रॉस पॅटरसन यांच्या ‘फिंगर ट्री’ या वृक्षरचनेवर आधारलेली असून दोन्ही टोकांना स्वस्तात भर घालू देते. मॅपचे लेझी (मूल्य गरज पडेपर्यंत न काढणारा) आणि स्ट्रिक्ट (ते लगेच काढणारा) असे दोन प्रकार आहेत. मोजणीसारख्या कामात लेझी प्रकार घेतल्यास न केलेल्या बेरजांचा ढीग स्मृतीत साचतो. नवशिक्यांना सर्वाधिक छळणारी अडचण बहुधा हीच.

मजकुराच्या बाबतीत भाषेचा मूळ ‘स्ट्रिंग’ प्रकार फार खर्चिक आहे. तो अक्षरचिन्हांची साखळी असल्याने ६४-बिट यंत्रावर प्रत्येक कडीस २४ बाइट लागतात. रोमन अक्षरे आधीच तयार ठेवलेली असल्याने त्यांचा वेगळा भार सहसा पडत नाही, पण देवनागरी चिन्हाचे आणखी १६ बाइट धरले तर हा आकडा ४० वर जातो. ‘टेक्स्ट’ लायब्ररी सलग साठवण करून हा खर्च टाळते. तिच्या २.० आवृत्तीने अक्षरचिन्हे बाइटांत मांडण्याची यूटीएफ-१६ ही पद्धत सोडून यूटीएफ-८ स्वीकारली. इंग्रजी मजकुराची जागा त्यामुळे निम्मी झाली, देवनागरीच्या चिन्हाला मात्र दोनाऐवजी तीन बाइट लागू लागले, आणि ‘मराठी’ हा शब्द १० वरून १५ बाइटांवर गेला. तरीही स्ट्रिंगच्या तुलनेत ही वाढ किरकोळच म्हणावी लागेल. कच्च्या बाइटांसाठी ‘बाइटस्ट्रिंग’ आणि संख्यांच्या सलग ओळींसाठी ‘व्हेक्टर’ वापरतात. व्हेक्टरवरील लागोपाठच्या क्रिया कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा एकाच फेऱ्यात गुंफतो, त्यामुळे मधल्या रचना तयारच होत नाहीत.

जेसन (JSON) या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मजकूर-स्वरूपाचे वाचन-लेखन करण्यासाठी ब्रायन ओसलिव्हन यांची ‘एसन’ लायब्ररी रूढ आहे. तिच्या आधीच्या आवृत्त्यांत जेसनमधील ‘ऑब्जेक्ट’ची (किल्ली-मूल्य जोड्यांच्या गटाची) नोंद हॅश-मॅपमध्ये, म्हणजे किल्लीवरून काढलेल्या ‘हॅश’ या आकड्यानुसार जागा ठरवणाऱ्या रचनेत, होई; मुद्दाम एकसारखा हॅश देणाऱ्या किल्ल्या पाठवून सर्व्हर मंदावता येतो, हे लक्षात आल्यावर २०२१ मध्ये निघालेल्या २.० मालिकेत ती अंतर्गत रचना झाकण्यात आली आणि तिच्या जागी क्रमवार वृक्ष वापरण्याची सोय झाली. स्मृतीत न मावणाऱ्या फायलींसाठी ‘कॉन्ड्युइट’ आणि ‘पाइप्स’ या लायब्रऱ्या माहिती तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकवतात, आणि फाइल केव्हा बंद व्हावी हे लेझी वाचनावर सोपवत नाहीत.