तारे उपकरणांना, छत मात्र उघडंच

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा अनुभव दर उन्हाळ्यात येतो. दिवे एलईडी, फ्रिजवर चार-पाच तारे, एसीही नवा, तरी एप्रिल-मेचं बिल फुगतंच. रात्री दहाला पंखा लावावा तर वरून गरम वारा येतो. दिवसभर तापलेला स्लॅब त्या वेळी खोलीत उष्णता सोडत असतो आणि त्याच्यावर कुठलाच तारा चिकटवलेला नसतो. आपल्याकडची घरगुती वीजबचत वस्तूंपासून सुरू झाली. घरापर्यंत ती फार उशिरा आली, आणि तीही अर्धवट.

'ऊर्जाबचत' घराघरांत पोहोचली ती रॉकेलमुळे. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा युरोप-अमेरिकेत भिंतींत उष्णता अडवणाऱ्या काचलोकरीचे थर भरणं आणि खिडक्यांना दुहेरी काचा बसवणं सुरू झालं, कारण तिथला मोठा खर्च घर गरम ठेवण्यावर होता. आपल्याकडे तेल लागायचं स्टोव्हला आणि कंदिलाला. म्हणून इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने कमी रॉकेल खाणारा 'नूतन' हा वातीचा स्टोव्ह तयार केला. १९७८ मध्ये तेलबचतीच्या प्रसारासाठी पीसीआरए ही सरकारी संस्था उभी राहिली. ऐंशीच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. विजेच्या बिलाची चिंता तेव्हा फारशी नव्हती. दोन-तीन पिवळे बल्ब आणि एक पंखा, एवढ्यावर बहुतेक घरं चालत.

विजेचा खरा चटका महाराष्ट्राला बसला तो भारनियमनाने. २००५-०६ च्या सुमारास गावागावांत वीज तासन् तास जायची, संध्याकाळच्या मागणीला पुरवठा पुरत नव्हता. त्याच काळात महावितरणने नाशिकमध्ये कमी वीज खाणाऱ्या सीएफएल दिव्यांचा प्रायोगिक कार्यक्रम राबवला. नवा वीजप्रकल्प उभा राहायला वर्षं लागतात, दिवा पाच मिनिटांत बदलता येतो, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

कायदा त्याआधीच झाला होता. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. तो १ मार्च २००२ पासून लागू झाला आणि त्याच दिवशी 'ऊर्जा दक्षता ब्यूरो', म्हणजे बीईई, अस्तित्वात आली. तिने २००६ मध्ये तारांकनाची पट्टी आणली. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी आणि ट्यूबलाइट यांना सक्तीची झाली.

या पट्टीतली एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. तारे कायमचे नसतात, दर काही वर्षांनी परीक्षा कठीण केली जाते. एका युनिट विजेत एसी खोलीतली किती युनिट उष्णता बाहेर फेकतो, यावर तेव्हा तारे ठरत. २०१० मध्ये स्प्लिट एसीला पाच तारे मिळवायला हा आकडा ३.१ पुरत असे. २०१४ मध्ये त्याच ३.१ ला तीन तारे मिळू लागले आणि पाचांसाठी ३.५ लागू लागले. २०१८ पासून तर मोजण्याची पद्धतच बदलली, वर्षभराच्या बदलत्या तापमानावर सरासरी काढली जाऊ लागली. त्यामुळे 'फाइव्ह स्टार आहे' एवढ्याने काही कळत नाही. पट्टीवरचं वर्ष वाचावं लागतं. माझ्या मते हा या योजनेचा सगळ्यात हुशार भाग आहे, आणि सगळ्यात कमी समजावून सांगितलेलाही.

दिव्यांची गोष्ट झटपट घडली. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली आणि तिला पडणारा बल्बचा भाव २०१४ च्या सुरुवातीच्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. पंख्याला मात्र वेळ लागला. छताचा जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (विना-ब्रश, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा साधारण ३० वॉट. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'ॲटमबर्ग'ने तो बाजारात रुजवला, पण पंख्यांना तारे सक्तीचे झाले ते थेट जानेवारी २०२३ मध्ये. घरात इतके तास चालणारं यंत्र यादीत इतक्या उशिरा यावं, याचं आश्चर्य वाटतं.

हे सगळं होत असताना घरं मात्र उलट्या दिशेला चालली होती.

मराठवाड्यातलं माळवदाचं घर म्हणजे जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. कोकणात हवा दमट, तिथे जाड भिंतीपेक्षा वारा महत्त्वाचा. म्हणून उतरती कौलं, त्यांच्या फटींतून निसटणारी गरम हवा, खाली पोटमाळा. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत. आजचा कुलर तेच करतो, फक्त पंखा जोडून. तो नागपुरात चालतो आणि रत्नागिरीत चालत नाही, कारण हवा कोरडी असल्याशिवाय पाणी उडत नाही.

माळवदाचं वजनच घात करून गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या, वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं आणि हजारो जीव गेले. त्यानंतर लातूर-उस्मानाबादेतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, बहुतेक काँक्रीटची. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता आणि ते स्वाभाविकच होतं. पण नवी घरं उन्हाळ्यात तापतात ही तक्रार तिथे लवकरच सुरू झाली. घर पडणार नाही याची काळजी घेतली गेली, ते तापणार नाही याची घ्यायला त्या घाईत कुणाला सुचणार?

शहरांत कारण वेगळं. सिमेंट आधी कोट्यावर मिळायचं, आणि त्याच कोट्याच्या वाटपावरून १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं होतं. त्या वर्षी नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण. पाच-सहा इंची स्लॅब मग तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. त्यावर गवंडी वीटतुकड्यांचा कोबा घालत आणि वर चायना मोझॅक बसवत. हेतू गळती थांबवण्याचा, पण जाडी आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे यांमुळे ऊनही थोडं अडायचं. कोब्याचं वजन आणि मजुरी नको म्हणून रसायनांचे पातळ थर आले तेव्हा हा फुकटचा फायदाही गेला.

घराच्या बांधणीलाच नियम लावणारी 'इको निवास संहिता' १४ डिसेंबर २०१८ ला जाहीर झाली. (व्यापारी इमारतींची संहिता २००७ मध्येच आली होती.) भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने चौरस मीटरमागे १५ वॉटची मर्यादा घातली. छताला वेगळा निकष आहे. आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाता कामा नये. उघड्या स्लॅबमधून याच्या जवळपास तिप्पट जाते. खिडक्यांचंही गणित आहे. मुंबईसारख्या दमट हवेत उघडता येणारी जागा चटईक्षेत्राच्या सहाव्या हिश्शाएवढी हवी, आणि सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग मोजायचा. बिल्डरांच्या आवडत्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या इथे अडखळतात.

पण संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे, आणि राज्य सरकारने स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही. २०२२ च्या कायदादुरुस्तीने निवासी इमारतींना ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणलं, तेही १०० किलोवॉट जोडभारापासून (इमारतीतल्या सगळ्या उपकरणांची मिळून लागणारी वीज) पुढे. म्हणजे गावठाणातलं घर, गुंठ्याच्या प्लॉटवरचा बंगला, घरकुल, पत्र्याची खोली हे सगळं बाहेरच. शिवाय छत बांधतो बिल्डर आणि बिल भरतो राहणारा. थर घालायचा खर्च वाचवणाऱ्याला त्याची झळ कधीच बसत नाही.

छतापुरतं काम सध्या चाललंय ते उष्माघात रोखण्याच्या निमित्ताने. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांतली छतं पांढरी रंगवायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच आणलं. पांढरा परावर्तक रंग हा या सगळ्यांतला स्वस्त उपाय आहे. धूळ बसली की मात्र त्याचा गुण उतरतो, म्हणून उन्हाळ्याआधी छत धुवावं लागतं आणि काही वर्षांनी नवा हात द्यावा लागतो. सोसायटीच्या गच्चीवर हा खर्च कुणी करायचा, फक्त वरच्या मजल्याने की सगळ्यांनी, हे मात्र कुठल्याच संहितेत लिहिलेलं नाही.