मेरुरज्जूच्या इजेनंतरची स्पास्टिसिटी

मेरुरज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या दोराला, इजा झाल्यानंतर त्या पातळीखालचे स्नायू इच्छेविना ताठणे, आखडणे किंवा झटका देऊन हलणे, याला वैद्यकात स्पास्टिसिटी म्हणतात. घरात हे नाव क्वचितच ऐकू येते. 'पाय आखडले', 'झटके आले', 'पाय उडायला लागले' असेच म्हटले जाते. लुळा पडलेला पाय एके दिवशी अचानक हलतो आणि आता ताकद परत येणार, असे घरच्यांना वाटू लागते. ही आशा पुढे फार जिव्हारी लागते. पाय हलला तरी तो मेंदूच्या हुकमाने हललेला नसतो. 'अंगठा हलव' म्हटल्यावर अंगठा हलतो का, ही खरी परीक्षा.

गुडघ्याखाली हातोडीचा हलका ठोका मारला की पाय उडतो. स्नायू ताणला जातो, तशी सूचना मेरुरज्जूत पोचते आणि तिथूनच आकुंचनाचा आदेश परत येतो. एरवी मेंदू या प्रतिक्षिप्त क्रियेला वरून लगाम घालतो. इजेत हा लगाम सुटतो. मात्र अपघातानंतर लगेच ताठरता दिसत नाही. आधी काही दिवस ते काही आठवडे पाय सैल, निपचित असतात. या अवस्थेला स्पायनल शॉक म्हणतात. त्यानंतर इजेखालच्या चेतापेशी हळूहळू अतिसंवेदनशील होतात. अशा इजेनंतर चेतापेशींवरील केसीसी2 हे प्रथिन कमी होते आणि त्यांना शांत करणारे संदेश दुबळे पडतात, असे 2010 मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले. मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली फक्त चेतांचा जुडगा असतो. तिथे इजा झाली तर पाय ताठत नाहीत, सैलच राहतात.

चेतारोगतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी 1980 मध्ये केलेल्या स्पास्टिसिटीच्या व्याख्येचा गाभा वेगाशी निगडित आहे: स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा प्रतिकार जास्त. म्हणूनच आखडलेला गुडघा हिसका देऊन सरळ करू पाहणाऱ्याला तो अधिकच घट्ट लागतो. संथपणे, धीराने ताण दिला तर तोच पाय बऱ्याचदा सैल होतो. शुश्रूषा करणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.

दिवसाची सुरुवातच अनेकांना जड जाते. रात्रभर एका स्थितीत राहिलेले पाय सकाळी ताठलेले असतात. मांड्या एकमेकींवर घट्ट आवळल्या की कॅथेटर (लघवीची नळी) घालणे, अंग पुसणे, पॅन्ट चढवणे या साध्या कामांना दुसऱ्याचे हात लागतात. व्हीलचेअरवर बसताना पाठीचे आणि पायांचे स्नायू एकदम ताठले तर माणूस सीटवरून पुढे घसरतो. पाय फूटरेस्टवरून निसटतात किंवा घोटा लयीत थडथडत राहतो, त्याला क्लोनस म्हणतात. वारंवार घासले गेल्याने त्वचेला जखमा होतात. रात्रीच्या झटक्यांनी त्याची झोप मोडते, शेजारी झोपलेल्याचीही. दुर्लक्ष झाले तर स्नायू आणि सांधे कायमचे आखडतात. मग खुर्चीत नीट बसणेही अवघड होते.

तरीही ताठरता सरसकट शत्रू मानणे चूक ठरेल. पाय ताठ होण्याच्या क्षणाचा उपयोग करून काही जण पलंगावरून खुर्चीत जातात, तर काही आधाराने उभे राहतात. स्नायूंचा भरीवपणा त्यामुळे काही प्रमाणात टिकतो. मानेतील सहाव्या पातळीच्या इजेत मनगट वर उचलले की बोटे आपोआप मिटतात आणि पेला धरता येतो. ही पकड टिकावी म्हणून बोटांचे स्नायू थोडे आखूडच ठेवले जातात.

ताठरतेचे आणखी एक काम फार मोलाचे आहे. जिथे वेदना कळत नाही, तिथे ताठरता बोलते. नेहमीपेक्षा झटके अचानक वाढले तर मूत्रमार्गाचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, मुतखडा, शय्याव्रण, मांसात रुतलेले नख, अगदी करकचून बांधलेला पट्टाही कारण असू शकतो. गोळीचा डोस वाढवण्याआधी हे सारे तपासावे. छातीच्या सहाव्या किंवा त्यावरच्या पातळीची इजा असेल आणि सोबत डोके ठणकणे, चेहऱ्यावर घाम व लाली दिसली तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. ही तातडीची अवस्था आहे. माणसाला उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, कॅथेटर पिळला गेला आहे का ते पाहावे आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवावी.

ताठरता मोजण्यासाठी 1987 पासून सुधारित अ‍ॅशवर्थ श्रेणी वापरली जाते. ती तपासणीच्या टेबलावरचा प्रतिकार सांगते. पायजमा चढवायला किती वेळ लागला, हे सांगत नाही. उपचार ठरवताना दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. रोजचे संथ ताण, आधाराने उभे राहणे आणि योग्य बैठक हा पाया. औषधांत बॅक्लोफेन सर्वाधिक वापरले जाते. टिझानिडीन हा दुसरा पर्याय. ठरावीक स्नायूंसाठी बोटुलिनम विषाचे इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम साधारण 3 महिने टिकतो. गोळ्या पुरेनाशा झाल्यास पोटाच्या त्वचेखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात सोडता येते. डोस जास्त झाला तर गुंगी येते आणि ज्या ताठरतेवर माणूस उभा राहत होता, तीही जाते.

बॅक्लोफेन एकाएकी कधीही थांबवू नये. तसे केल्यास तीव्र झटके, भास, फिट आणि तीव्र ताप येऊ शकतो. पंप अचानक बंद पडल्यास जिवावरही बेतते. गावाला जाताना जादा गोळ्या सामानात नव्हे, हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात.