टेबल-व्हॅल्यूड फंक्शन : ओआरएममार्फत वापर

पॅरामीटर घेऊन एका मूल्याऐवजी ओळींचा संच परत करणारे, डेटाबेसमध्येच साठवलेले फंक्शन. क्वेरीच्या फ्रॉम भागात ते टेबलाच्या जागी बसते. ओआरएममध्ये, म्हणजे प्रोग्राममधील ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ते एखाद्या मेथडशी जोडले जाते व मिळालेल्या ओळींचे ऑब्जेक्ट बनतात.

या कल्पनेचा उगम दोन प्रकारे सांगता येतो. एका मतानुसार हे पॅरामीटर घेणारे व्ह्यू (नाव देऊन साठवलेली, टेबलासारखी वापरता येणारी क्वेरी) होय. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमधील इनलाइन फंक्शनला हे वर्णन चपखल लागू पडते, कारण त्यात एकच सिलेक्ट असते आणि ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग) ते मूळ क्वेरीत विरघळवून टाकतो. मात्र त्याच आवृत्तीतील अनेक विधानांचे फंक्शन किंवा ओरॅकल ९आय मधील पाइपलाइन्ड फंक्शन (ओळी तयार होतील तशा पुढे देणारे) या व्याख्येत मावत नाही. तेथे ओळी प्रक्रियेने घडवल्या जातात. दुसरे मत बर्कली येथील पोस्टग्रेस प्रकल्पातील संच परत करणाऱ्या फंक्शनकडे मूळ शोधते. हा प्रकल्प साधारणपणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. इनलाइन आणि प्रक्रियेने ओळी घडवणारी अशा दोन्ही जाती सामावून घेणारे म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. एसक्यूएल:२००३ या मानकात टेबल फंक्शन आले, तोवर उत्पादने पुढे गेली होती.

ओआरएममध्ये ही सोय तुकड्यातुकड्यांनी आली. मायक्रोसॉफ्टच्या लिंक टू एसक्यूएलमध्ये (२००७) ती होती. त्यांच्याच एंटिटी फ्रेमवर्कमध्ये (ईएफ) पाचव्या आवृत्तीत (२०१२) आली, तीही डेटाबेस-फर्स्ट पद्धतीपुरती, म्हणजे तयार डेटाबेसवरून मॉडेल बनवताना. त्याची नवी मालिका असलेल्या ईएफ कोअरने ती ५.० मध्ये (२०२०), तर पायथॉनच्या एसक्यूएलअल्केमीने १.४ मध्ये (२०२१) दिली. जावाच्या हायबरनेटमध्ये ७.० पासून आहे.

खरा प्रश्न कॉल करण्याचा नाही, तो कच्च्या एसक्यूएलनेही होतो. कॉलनंतरही क्वेरी उघडी राहते का, म्हणजे तिला पुढे अटी जोडता येतात का, हा आहे. ईएफ कोअरमध्ये मेथड आयक्वेरिएबल (अजून न चाललेली, वाढवता येणारी क्वेरी) परत करते, त्यामुळे पुढे जोडलेली अट आणि क्रम त्याच एसक्यूएलमध्ये जातात. बाहेरच्या ओळीतील स्तंभ पॅरामीटर म्हणून दिल्यास एसक्यूएल सर्व्हरवर क्रॉस अप्लाय किंवा आउटर अप्लाय (बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी फंक्शन लावणारी रचना) तयार होते. पोस्टग्रेसवर हेच काम लॅटरल करते. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी, ओआरएमने तयार केलेली स्क्रिप्ट) मात्र फंक्शनची व्याख्या आपोआप लिहीत नाही. ती हाताने घालावी लागते.

ट्रॅकिंगचा, म्हणजे वाचलेल्या ऑब्जेक्टची ओआरएमने ठेवलेल्या नोंदीचा, धोका सहसा उशिरा कळतो. समजा, वृक्षरचना उलगडणारे फंक्शन एकच विभाग दोन मार्गांनी, पातळी २ आणि ४ वर, परत करते. परत येणाऱ्या एंटिटीला (ओळीपासून बनणाऱ्या ऑब्जेक्टच्या प्रकाराला) विभागक्रमांक ही की, म्हणजे ओळख पटवणारा स्तंभ, दिली असेल, तर ट्रॅकर दोन्ही ओळींसाठी एकच ऑब्जेक्ट देतो आणि दुसरी पातळी गडप होते. एरर येत नाही. अशा निकालासाठी की नसलेली एंटिटी घेणे बरे.

अनेक विधानांच्या फंक्शनबाबत क्वेरीची योजना आखताना एसक्यूएल सर्व्हर धरत असलेला ओळींच्या संख्येचा अंदाज पूर्वी १ होता, २०१४ पासून १०० झाला. २०१७ मधील इंटरलीव्ह्ड एक्झिक्युशनने (आधी फंक्शन चालवून मग उरलेली योजना आखण्याच्या पद्धतीने) तो सुधारला, पण त्या आवृत्तीत क्रॉस अप्लायच्या आतील फंक्शनला त्याचा लाभ नव्हता. आणि ओआरएम नेमके तेच क्रॉस अप्लायचे एसक्यूएल वारंवार लिहितो.